पाण्याखाली कोणता कॅमेरा न्यावा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा कार्यकारिणीतल्याच एका सद्गृहस्थांनी मला विचारले, "अहो, भोपाळात समुद्र कुठे आहे?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे राजा भोजाचा मोठा तलाव आहे, साधारण ३१ चौरस किलोमीटरचा. पण बोट क्लबवर जाऊन कोणी पाण्यात डोके बुडवून मासे पाहत नाही, कारण त्या पाण्यात हातभर अंतरावरचेही धड दिसत नाही. तरीही हा विषय मी घेतला, कारण समुद्र भोपाळात नसला तरी भोपाळची मंडळी समुद्रावर असतात. मंगला एक्सप्रेस इथे बसली की थेट कोकण रेल्वेवर नेऊन सोडते. दिवाळीच्या सुटीत कोणी मालवणला जातो, कोणी गोव्याला, कोणी अंदमानला. आणि निघण्यापूर्वी आठ दिवस मला फोन येतो: "तुम्ही दरवर्षी उत्सवाचे फोटो काढता, तर एक सांगा. घरचा चांगला कॅमेरा वॉटरप्रूफ डब्यात घालून नेऊ, की तो छोटा गोप्रो घेऊ?"

फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर देतो. आज अर्धा तास मिळाला आहे, तेव्हा पूर्ण उत्तर देतो. त्यात माझी स्वतःची फजिती आहे आणि एक गोष्ट फजितीच्या पलीकडची आहे. तीही सांगणार आहे, कारण तिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

आधी ही दोन यंत्रे कोणत्या गरजेतून आली ते पाहू. पाण्याखाली चित्रण करण्याची हौस जुनी आहे. जाक कूस्तो या फ्रेंच संशोधकाचा 'द सायलेंट वर्ल्ड' हा चित्रपट १९५६ चा. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्कर, दोन्ही त्याला मिळाले. त्याच कूस्तोच्या गरजेतून कॅलिप्सो नावाचा, डब्याशिवाय पाण्यात नेता येणारा स्टिल कॅमेरा तयार झाला, आणि १९६३ पासून निकॉनने तो निकोनॉस या नावाने विकला. तो वापरणारा माणूस पाणबुड्याच होता. पाण्यात कसे राहायचे हे शिकून मगच तो कॅमेऱ्याकडे वळला होता. ॲक्शन कॅमेऱ्याचा जन्म अगदी वेगळा. निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाला लाटांवर फळी चालवताना स्वतःचे फोटो हवे होते. दोन्ही हात तर फळी सांभाळण्यात गुंतलेले. म्हणून त्याने मनगटाला बांधायचा कॅमेरा काढला. २००४ चा पहिला गोप्रो फिल्मवर चालणारा होता.

एवढा इतिहास लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यातून निघते. स्टिल कॅमेरा आपले लक्ष मागतो. त्यात पाहावे लागते, फोकस धरावा लागतो, बटणे फिरवावी लागतात. ॲक्शन कॅमेरा एकदा सुरू केला की विसरून जाण्यासाठी बनवला आहे. पाण्याखाली आपल्याजवळ किती लक्ष शिल्लक असते, हा मग खरा प्रश्न होतो.

आता माझी हकीकत. माझ्या आईचे माहेर मालवणजवळचे. लग्न होऊन ती भोपाळला आली आणि माहेरी जाणे कमी कमी होत गेले. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिला घेऊन आम्ही गेलो: आई, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि मी. त्याच्या आदल्या वर्षी मी स्कूबाचा प्राथमिक कोर्स केला होता, तेव्हा अंगात जरा वारे शिरलेले होते. माझ्याकडे लेन्स बदलता येणारा चांगला कॅमेरा आहे, तुम्ही सगळ्यांनी तो पाहिला आहे. त्याच्यासाठी प्लॅस्टिकचे मजबूत आवरण मागवले. त्याला हाउसिंग म्हणतात. किंमत ऐकून पत्नी म्हणाली, "एवढ्यात दुसरा कॅमेरा आला असता." तिचे बरोबर होते. चांगले हाउसिंग कॅमेऱ्याच्या किमतीला जाऊन भिडते, ॲल्युमिनियमचे असेल तर पुढेही जाते. शिवाय ते त्याच एका मॉडेलला बसते. कॅमेरा बदलला की तो डबा धान्य ठेवायच्याही कामाचा नाही.

पहिल्या दिवशी मुलीने प्रशिक्षकाबरोबर खाली जायचे ठरले. नवशिक्यांना जसे नेतात तसे, प्रशिक्षकाने धरून. मी शेजारून पोहत तिचे चित्रण करणार होतो. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवतात. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर जायचे आहे'. पंजा आडवा धरून हलवला की 'काहीतरी बिनसले आहे', आणि मग जिथे बिनसले तिथे बोट दाखवायचे.

आम्ही तीनेक मीटर खाली गेलो. पडद्यावर सगळे हिरवट निळे दिसत होते, म्हणून मी व्हाइट बॅलन्स जुळवत बसलो. हाउसिंगची बटणे जाड, बोटे थंड, एक बटण दोनदा दाबले गेले. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की प्रशिक्षक मुलीला घेऊन थोडा वर गेला आहे. तिथे ती दोघे थांबली, तिने नाक दाबून कान मोकळे केले, आणि पुन्हा सावकाश खाली आली. बाकी सगळे छान झाले. होडीवर आल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, माझा कान दुखत होता. मी दोनदा तुम्हाला हात केला. तुम्ही पाहिलंच नाही."

रात्री खोलीवर चित्रण पाहिले. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात ती स्पष्ट दिसते. पंजा हलवते, कानाकडे बोट दाखवते. मी पाहत नाही म्हटल्यावर पुन्हा तेच करते. कॅमेऱ्याने पाहिले होते, बापाने पाहिले नव्हते. प्रशिक्षक सावध होता म्हणून काही झाले नाही. कानावरचा दाब पहिल्या काही मीटरमध्येच सर्वांत झपाट्याने बदलतो, आणि दुखत असताना तसेच खाली गेले तर पडद्याला इजा होऊ शकते. ते चित्रण मी पुसलेले नाही. कॅमेरा घेऊन पाण्यात उतरण्यापूर्वी दरवेळी एकदा पाहतो.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट त्या मानाने किरकोळ, फक्त पैशांची. हाउसिंगच्या झाकणाला रबराचे एक बारीक कडे असते, त्याला ओ-रिंग म्हणतात. पाणी अडवते ते तेवढेच. सकाळी होडीवाला हाका मारत होता, मी घाईत झाकण लावले. एक केस त्या कड्यावर अडकला. एक केस! पाण्यात उतरल्यावर पहिल्या मीटरभरातच आत बुडबुडे दिसले. गंमत अशी की खोल गेल्यावर बाहेरचा दाब झाकणाला घट्ट दाबून धरतो. गळती बहुधा वरच, उथळ पाण्यात सुरू होते. मी वर आलो, कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली. कॅमेरा गेला तो गेलाच. पण जीव टांगणीला लागला तो कार्डासाठी. आदल्याच दिवशी आई माहेरच्या घराच्या ओट्यावर बसली होती, ते फोटो त्याच कार्डावर होते. कार्ड गोड्या पाण्यात धुऊन, दोन दिवस सुकवून पाहिले आणि सुदैवाने चालले. तेव्हापासून नियम केला: पाण्यात नेायचे कार्ड कोरे असले पाहिजे. परत मिळणार नाही असे काहीही घेऊन पाण्यात उतरायचे नाही.

आईला हे सगळे सांगितले तेव्हा ती आपल्या मालवणीत म्हणाली, "तू दर्यो बघूक गेल्लंस, की कॅमेरो सांभाळूक?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. मुलीनेही आता कोर्स केला होता. या वेळी हातात ॲक्शन कॅमेरा होता. फरक काय पडला ते सांगतो, दोन्ही बाजूंनी.

जमेची बाजू पहिली. याची दृष्टी रुंद असते. सपाट काचेमागून पाण्यात पाहिले की प्रकाश वाकतो, वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ वाटतात, म्हणजे चौकटीत कमी मावते. रुंद दृष्टीच्या कॅमेऱ्याला हे परवडते. मुलगी, तिच्या मागचा खडक, माशांचा थवा, सगळे एकाच चौकटीत येते, तेही पडद्याकडे न पाहता. हात हलला तरी चित्र स्थिर करण्याची सोय आतच असते. फोकस ठरलेला असतो, त्यामुळे तो चुकण्याचा प्रश्न नाही. मी कॅमेरा छातीजवळ धरला आणि डोळे मुलीवर ठेवले. चित्रण आधीपेक्षा चांगले आले, आणि मी तिला पूर्ण वेळ पाहिले.

आता उणी बाजू. एका खडकावर नखाएवढी समुद्री गोगलगाय होती, निळसर, नाजूक. मी कॅमेरा अगदी जवळ नेला आणि घरी पाहिले तर पुसट ठिपका. ठरलेल्या फोकसचा कॅमेरा साधारण फूटभर अंतराच्या आत आला की चित्र धूसर होते, आणि जवळ ओढून दाखवणारी खरी झूम त्यात नसते. तिथे स्टिल कॅमेराच हवा. ऑलिंपसचा टफ टीजी-६ सारखा छोटा कॅमेरा आवरणाशिवाय १५ मीटरपर्यंत जातो, एका सेंटिमीटरवरून फोकस धरतो आणि व्हिडिओही ठीक घेतो. मोठ्या लेन्सचा कॅमेरा याहून पुष्कळ चांगले चित्र देतो, विशेषतः अंधूक प्रकाशात. पण त्याचा फोकस व्हिडिओ चालू असताना पुढे-मागे शोधत राहतो, आणि बऱ्याच जुन्या स्टिल कॅमेऱ्यांत सलग व्हिडिओ अर्ध्या तासाला आपोआप बंद होतो.

कॅमेरा कोणताही घ्या, एका गोष्टीत दोघेही सारखेच हतबल आहेत, ती म्हणजे रंग. पहिल्या वर्षीचे चित्रण आईला दाखवत होतो. एक मासा आला, मी म्हटले, "आई, ही तांबोशी." आई हसली. म्हणाली, "तांबोशी तांबडी असते रे, ही राखाडी कसली?" मासा तोच होता. पण पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते. पाच-सहा मीटरवर लाल जवळजवळ नाहीसा होतो, त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. उरतो हिरवा-निळा. आपला मेंदू थोडी भर घालून घेतो, कॅमेरा घालत नाही.

याला उपाय तीन. पहिला, जवळ जा. प्रकाशाला जितके कमी पाणी ओलांडावे लागेल तितके रंग टिकतात. दूरचा मासा कोणत्याही कॅमेऱ्याने निळाच येणार. दुसरा, ॲक्शन कॅमेऱ्यावर लाल फिल्टर, पण तो चार-पाच मीटरच्या खाली आणि ऊन असताना. उथळ पाण्यात लावला तर सगळे कुंकवात बुडवल्यासारखे दिसते. मालवणसारख्या हिरवट पाण्यात जांभळट फिल्टर अधिक बरा. स्टिल कॅमेऱ्यात पांढरी पाटी किंवा वाळू दाखवून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येतो, हा त्याचा मोठा फायदा. फक्त ते काम मुलीचा हात सुटलेला असताना करू नका. तिसरा उपाय दिवा. दिवा लेन्सच्या अगदी शेजारी लावू नका. जानेवारीत धुक्यात नर्मदापुरम् रोडवर गाडीचे मोठे दिवे लावले की काय होते? समोर पांढरी भिंत. पाण्यातल्या कणांचे तसेच होते. दिवा बाजूला, दांड्यावर, थोडा तिरका ठेवायचा.

खोलीचा आकडाही नीट वाचा. गोप्रोचे २०१६ पासूनचे बहुतेक मोठे मॉडेल आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत. स्नॉर्केलिंगला हे भरपूर झाले. स्कूबाला मात्र वेगळे आवरण घाला. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि बॅटरीचे झाकण नीट लागलेले नसेल तर आकडा काही वाचवत नाही. स्नॉर्केलिंगला तरंगणारी मूठ लावा. डायव्हिंगला मनगटाला दोरी बांधा.

मग घ्यावे काय? मी असे सांगतो.

तुम्ही पहिल्यांदाच स्कूबा करणार असाल, म्हणजे प्रशिक्षक धरून नेणार असेल, तर कॅमेरा नेऊच नका. मालवणला बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकाची माणसेच व्हिडिओ काढून देतात. तुमचे काम श्वास घेणे आणि कान मोकळे करणे.

स्नॉर्केलिंग करणार असाल, मुलाबाळांबरोबर असाल, तर ॲक्शन कॅमेरा. यात दुसरा विचार नको.

डायव्हिंग शिकला असाल, पण अजून पाण्यात एका पातळीवर स्थिर राहता येत नसेल, तरीही ॲक्शन कॅमेरा, तोही सवय झाल्यावर. स्थिर राहता येत नसलेला माणूस चित्रासाठी खडकावर पाय टेकतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले प्रवाळ दगड नव्हेत, जिवंत प्राणी आहेत. आपला एक पाय पडला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते.

हात न लावता, न हलता, एका जागी पाच मिनिटे थांबता येऊ लागले, आणि बारीक जीवांची, रंगांची ओढ लागली, की मग स्टिल कॅमेरा घ्या. आधी छोटा. मोठा कॅमेरा आणि मोठे हाउसिंग त्यानंतर. तेव्हाही सोबतीला मूल असेल तर तो होडीतच राहू द्या.

निघण्यापूर्वीची तयारी इथे भोपाळातच होते. हाउसिंग रिकामे घ्या, आत कोरडा कागदी रुमाल ठेवा, बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तर पुढे. मग प्रकाश तरण पुष्करसारख्या एखाद्या तरणतलावात, तिथल्या लोकांची परवानगी घेऊन, डोळे मिटून बटणे सापडतात का ते पाहा. ओ-रिंग आदल्या रात्री, घाई नसताना, उजेडात साफ करा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. झाकण वातानुकूलित कोरड्या खोलीत लावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. कोकणातली दमट हवा आत कोंडली तर काच आतून धुरकटते. पाण्यातून आल्यावर कॅमेरा तसाच, झाकण न उघडता, गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ सुकले की बटणे अडकतात.

शेवटी आवाजाबद्दल. पाण्याखालच्या चित्रणात बुडबुड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. गेल्या वर्षीचे चित्रण घरी टीव्हीवर लावले, तेव्हा रंग थोडे सुधारून घेतले होते. आई समोर बसली होती. मासे येत गेले तशी ती नावे सांगत गेली. कोणता बाजारात कधी येतो, कोणता तिचे वडील आणत, कोणता कशात घालायचा. मुलगी विचारत होती, आजी सांगत होती. मी मोबाइलवर ते सगळे ध्वनिमुद्रित केले आणि बुडबुड्यांच्या जागी जोडले. तो साडेअकरा मिनिटांचा व्हिडिओ आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा पाहिला जातो. त्यात तांबोशी आता थोडी तरी तांबडी दिसते. आई अजून म्हणते, "एवढी फिकी नसते."

तेव्हा या हिवाळ्यात जे जाणार आहेत, त्यांनी कॅमेऱ्याबद्दल मला जरूर फोन करावा. पण मी आधी एकच विचारीन: पाण्यात तुमच्यासोबत कोण असणार आहे? त्याच्याकडे पाहता येईल असा कॅमेरा न्या.

प्रसाद तयार आहे असे खुणेने सांगताहेत, आणि ही खूण मी पाहिली आहे.